शरदातले दोन दिवस, भंडारदऱ्याला

दोघांनीच दोन दिवस कुठेतरी जायचं ठरलं की पहिला प्रश्न निघतो तो 'कुठे जायचं?' शरदात आधी तिथी बघावी आणि मग जागा. आश्विन-कार्तिकातलं आकाश वर्षभरातलं सगळ्यात स्वच्छ आकाश असतं. पावसाने हवेतली धूळ खाली बसवलेली असते आणि हिवाळ्यातलं धुकं अजून यायचं असतं. अशा दिवसांत शहराबाहेर पडून तळ्याकाठी राहायचं, तर त्या रात्री चंद्र किती वाजता उगवणार हे खोलीच्या भाड्याइतकंच महत्त्वाचं आहे. तरी बहुतेक जण भाडं विचारतात आणि चंद्र विसरतात.

कोजागरी दरवर्षी पुढेमागे सरकते. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून ती २८ ऑक्टोबरला आली. २०२५ साली ६ ऑक्टोबरलाच आली. या तीन आठवड्यांच्या फरकाने सहल पार बदलते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परतीचा पाऊस अजून रेंगाळत असतो. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे आणि सह्याद्रीत त्यानंतरही दुपारी ढग जमून विजांचा पाऊस होतो. लवकर आलेल्या कोजागरीला चंद्र दिसेलच याची हमी नसते, पण डोंगर हिरवे आणि धबधबे चालू असतात. उशिरा आलेल्या कोजागरीला चंद्र जवळजवळ नक्की, मात्र गवत पिवळं पडायला लागलेलं असतं. दोघांपैकी कोणाला काय हवंय, हे तारीख ठरवायच्या आधीच बोलून घ्यावं.

पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच वर येतो, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वासहाच्या आसपास. पुढे रोज साधारण पाऊण तास उशीर होत जातो. संकष्टीच्या दिवशी घरातली मोठी माणसं साडेआठपर्यंत चंद्राची वाट बघत बसतात ते यामुळेच. माझं मत असं की दोघांसाठी सगळ्यात चांगला शनिवार हा पौर्णिमेचा नाही, तर पौर्णिमा आणि संकष्टी यांच्या मधला किंवा संकष्टीलाच लागून आलेला. अंधार पडल्यापासून तासभर, कधी दीड तास, चांदणं नसलेलं आकाश मिळतं, तारे बघून होतात, आणि जेवण आटोपून बाहेर यावं तर चंद्र डोंगरावर आलेला असतो. शिवाय खुद्द कोजागरीच्या रात्री तळ्याकाठी जी झुंबड असते, ती दोन दिवसांनी ओसरलेली असते.

ज्यांना फक्त तारेच हवेत त्यांनी दिवाळीच्या अगदी आधीचा शनिवार धरावा. वद्य अष्टमीच्या पुढे चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. त्या आठवड्यात घराघरांत साफसफाई, फराळ, खरेदी चाललेली असते, म्हणून खोल्या सहज मिळतात आणि दरही ताणलेले नसतात. घरच्या कामातून दोन दिवस काढणं अवघड असतं हे खरं. चकल्या आधल्या आठवड्यात करून ठेवल्या तर जमतं. लक्ष्मीपूजनानंतरचे चार-पाच दिवस आणि दसऱ्याला जोडून आलेल्या सुट्ट्या मात्र टाळाव्यात. तेव्हा रस्तेही भरलेले आणि काठही.

जागा म्हणून भंडारदरा सुचवण्याची कारणं साधी आहेत. पुण्याहून साधारण १७० किलोमीटर, मुंबईहूनही जवळपास तेवढंच, नाशिकहून सत्तरेक. उंची समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास, त्यामुळे खाली देशावर ऑक्टोबरची उन्हं भाजत असली तरी इथे सूर्य कलला की हवेत गारवा येतो. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. दगडी बांधणीचं, ८० मीटरहून उंच. त्यात अकरा टीएमसी पाणी मावतं आणि शरदात जलाशय बहुधा काठोकाठ असतो. मार्च-एप्रिलमध्ये हाच काठ चिखलाचा उघडा पट्टा होऊन बसतो आणि पाणी खूप लांब जातं. 'लेक व्ह्यू' या शब्दांना खरा अर्थ येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. या जलाशयाला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे. ते याच अकोले तालुक्यातले. इंग्रजांनी त्यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. धरणाच्या भिंतीजवळ उभं राहिल्यावर हे ठाऊक असलेलं बरं.

पुण्याहून निघणाऱ्यांचा खरा शत्रू घाट नसून चाकण आहे. शनिवारी साडेसातनंतर नाशिक फाटा ते चाकण या टप्प्यात तास-दीड तास सहज जातो आणि गाडीतला सगळा उत्साह तिथेच संपतो. पहाटे साडेपाचला घराबाहेर पडलात तर नारायणगावला नाश्ता आणि दहाच्या सुमारास शेंडी. शेंडी म्हणजे धरणाखालचं बाजाराचं गाव. पाटीवर भंडारदरा शोधणाऱ्यांना शेवटच्या टप्प्यात हेच नाव विचारावं लागतं. आळेफाट्याच्या पुढे बोट्याहून ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असा जवळचा रस्ता नकाशा दाखवतो. तो अंतराने कमी आहे, पण अरुंद आहे आणि पावसाळा संपता संपता त्याची अवस्था दरवर्षी वेगळी असते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी संगमनेर, अकोले, राजूर हाच रस्ता धरावा. मुंबईकरांनी कसारा घाट चढून इगतपुरीच्या पुढे घोटीला वळावं, तिथून शेंडी तासाभरावर.

अंधार पडल्यावर या भागात गाडी चालवायचीच नाही असा नियम करा. ऑक्टोबरच्या शेवटी, नोव्हेंबरात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि संगमनेर-अकोल्याच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून चाललेले असतात. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असतोच असं नाही आणि बाहेर आलेला ऊस हेडलाइटच्या उजेडात शेवटच्या क्षणी दिसतो. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून रात्री अकराला पोहोचण्याचा बेत म्हणूनच नको. पहाटेचा प्रवास दोघांनाही मानवतो आणि शनिवारचा अख्खा दिवस हातात राहतो.

गाडीची तयारी निघण्याच्या दोन दिवस आधी करावी, आदल्या रात्री नाही. चारही चाकांबरोबर स्टेपनीतली हवाही बघा; ती वर्षभर कोणी पाहिलेली नसते. वायपरचं रबर पावसाळ्यात झिजतं आणि सकाळच्या दवात काच पुसायला गेलं की नुसते पांढरे पट्टे ओढतं. ते बदलायला दहा मिनिटं लागतात. जाऊन-येऊन साडेतीनशे, तळ्याभोवतीचे चाळीस आणि किरकोळ मिळून ४०० किलोमीटर धरा. लिटरला १५ देणारी गाडी साधारण २७ लिटर पिते. टाकी अकोल्यात किंवा राजूरला भरून घ्या, तळ्याभोवतीच्या गावांत पंप मिळेलच असं नाही. रोख पैसेही तिथेच काढा. वनखात्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीमागे शुल्क भरावं लागतं, आणि नेटवर्क नसलं की फोनवरून पैसे जात नाहीत. पन्नास-शंभरच्या नोटा वेगळ्या ठेवाव्यात. गाडी लागत असेल त्याने गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. वळणं सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

खोली ठरवताना फोटो बघण्यापेक्षा फोनवर चार प्रश्न विचारलेले बरे. पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा: 'शनिवारी रात्री स्पीकर लागतो का, आणि किती वाजेपर्यंत?' तळ्याकाठचे तंबू फोटोत फार सुंदर दिसतात. पण चाळीस तंबूंचा तळ असेल तर दोन-तीन मोठे ग्रुप असणारच, शेकोटीभोवती गाणी लागणारच, आणि पाण्यावरून आवाज फार लांबवर येतो. मालक 'थोडा वेळ लागतो' म्हणाला तर तो अकरा-साडेअकरापर्यंत लागतो असं समजावं. दुसरा प्रश्न गरम पाण्याचा. सौर बंबाचं पाणी संध्याकाळी कढत आणि सकाळी कोमट असतं, म्हणून आंघोळ संध्याकाळीच उरकावी. तिसरा प्रश्न वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालतो की नाही हा. चौथा प्रश्न तंबूवाल्यांसाठी: संडास किती अंतरावर आणि वाटेत दिवा आहे का.

तंबूत राहणार असाल तर दवाचा विचार करा. स्वच्छ आकाशाच्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि पहाटेपर्यंत तंबूवर दव साचतं. आत दोन माणसांच्या श्वासाची वाफ असते, तीही कापडाला आतून धरते आणि थेंब अंगावर पडतात. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेनी बंद केल्या की हे जास्तच होतं. वरच्या बाजूची जाळी वीतभर उघडी ठेवा आणि पांघरूण एक जास्त घ्या. बूट बाहेर ठेवू नका. उतारावर तंबू असेल तर डोकं चढाच्या बाजूला.

लग्न न झालेल्या जोडप्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला कायद्याची बंदी नाही, पण काही मालक नाही म्हणतात आणि ते दारात पोहोचल्यावर कळतं. फोनवर आधीच सांगून होकार घ्या, तो मेसेजमध्ये लिहून घ्या आणि दोघांचीही फोटो असलेली ओळखपत्रं जवळ ठेवा. रात्री आठला बॅगा हातात घेऊन दुसरी खोली शोधत फिरण्यापेक्षा हे बरं.

घरी वयस्कर आईवडील किंवा मुलं असतील तर त्यांची सोय लावूनच निघावं, नाहीतर मन तिकडेच राहतं. मुक्कामाच्या जागेचा नंबर घरी कागदावर लिहून ठेवा, कारण तळ्याच्या पलीकडच्या गावांत मोबाइलला रेंज येते-जाते. संध्याकाळी सातला एकदा मुक्कामावरून फोन करायचा असं आधीच सांगून ठेवलं की बाकीचा वेळ कोणी काळजी करत नाही.

आता बेताकडे. कळसूबाई जवळच आहे, सांदण दरी जवळच आहे, रतनगड समोर दिसतो. आणि हे सगळं दोन दिवसांत कोंबण्याचा मोह हाच अशा सहलीतला मोठा धोका. कळसूबाईची चढाई १६४६ मीटरच्या माथ्यापर्यंत बारी गावातून तीन-चार तासांची आहे, लोखंडी शिड्यांवर शनिवार-रविवारी रांग लागते, आणि खाली आल्यावर दोघंही एकमेकांशी बोलण्याच्या अवस्थेत राहत नाहीत. सांदणमध्ये पावसानंतर बरेच दिवस पाणी साठलेलं असतं. तिकडे हिवाळ्यात, पाणी ओसरल्यावर वाटाड्या घेऊन जावं. दोघांच्या सहलीला अर्ध्या दिवसात एकच गोष्ट पुरे. प्रत्येकाने आपापली एक निवडावी आणि दुसऱ्याने तिला नाही म्हणू नये.

शनिवारी पोहोचल्यावर जेवण आणि चक्क झोप. पहाटे चारला उठलेलं शरीर दुपारी झोपलं नाही तर रात्री नऊलाच आडवं होतं आणि चंद्र खिडकीबाहेर राहतो. रात्रीच्या जेवणाची ऑर्डर पोहोचल्या पोहोचल्या द्या. गावातल्या घरगुती मुक्कामात कोंबडी दुपारीच सांगावी लागते, नागलीची भाकरी चुलीवर होते आणि तिला वेळ लागतो. नाचणीला इकडे नागलीच म्हणतात. दोघांना चार भाकऱ्या, एक रस्सा, थोडा इंद्रायणीचा भात आणि ठेचा एवढं भरपूर होतं. नवरात्रात गेलात तर बऱ्याच घरांत मांसाहारी शिजत नाही, ते आधी विचारा.

चारनंतर धरणाच्या बाजूला पायी फिरावं. या दिवसांत सगळीकडे पिवळा रंग असतो, पण तो एकाच फुलाचा नाही, हे जवळ जाऊन बघण्यासारखं आहे. बांधावर, कड्यावर, खडकाच्या फटीत जी बोटभर रुंद पिवळी फुलं दाटीने उगवलेली दिसतात ती सोनकी; ती रानची. सप्टेंबरात ती ऐन भरात असते आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ओसरते. वावरात कमरेएवढी वाढलेली, त्याहून मोठ्या पिवळ्या फुलांची असते ती खुरासणी, ती पेरलेली. तिच्या काळ्या बियांचं तेल निघतं आणि चटणीही करतात. भाताचंही तसंच. हळवं भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येतं, गरवं दिवाळीनंतर, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन खाचरांत एक सोनेरी आणि एक अजून हिरवं असं दिसतं. फोटोसाठी खाचरात उतरू नका. लोंबी पायाने आडवी झाली की दाणा मातीत जातो आणि तो कोणाच्या तरी वर्षभराच्या भातातला असतो.

पाण्यात पोहायला उतरायचं नाही. काठ दिसतो तेवढा उथळ नसतो, दोन पावलांवर एकदम खोल जातो आणि तळाशी गाळ असतो. नाव घ्यायची तर भाडं आणि वेळ आधी ठरवा, आणि लाइफ जॅकेट अंगावर बांधल्याशिवाय बसू नका.

कोजागरीच्या जवळपास गेलात तर दूध आटवायची तयारी घरूनच न्यावी. दोघांना एक लिटर म्हशीचं दूध पुष्कळ. मसाला घरी कोरडा करा: दहा बदाम, दहा पिस्ते, चार वेलदोडे, चिमूटभर जायफळ. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवला की बदामाला तेल सुटून गोळा होतो. केशराच्या आठ-दहा काड्या वेगळ्या पुडीत घ्या आणि तिथे दोन चमचे गरम दुधात पंधरा मिनिटं भिजवा. थंड दुधात टाकलेलं केशर रंग धरत नाही. दूध पुण्याहून नेऊ नका. उन्हात तापलेल्या गाडीत पाच तास राहिलेलं दूध उकळी येताना हमखास फाटतं; शेंडीत किंवा राजूरला ताजं घ्या. भांड्यात आधी पाव वाटी पाणी घालून मग दूध ओता, म्हणजे बुडाला लागत नाही. मंद आचेवर पंचवीस मिनिटांत एक लिटरचं पाऊण लिटर होतं. साखर चार चमचे, ती शेवटी. थर्मासमध्ये भरायचं तर आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवा आणि ओतून द्या, तरच दूध दोन तास गरम राहतं. दूध मुक्कामावरच्या स्वयंपाकघरात आटवा आणि काठावर फक्त थर्मास न्या. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आणि त्याच्या आत आहे. रानात जाळ करायला मनाई आहे, आणि वाळायला लागलेलं गवत एका ठिणगीत पेटतं.

बसायला सतरंजीखाली प्लास्टिकचा कागद हवाच, नाहीतर दवाने अर्ध्या तासात ओली होते. शाल दोघांत एक नको, दोन न्या. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन पेपर रबर लावून बसवा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोनच्या पडद्याचा एक पांढरा झोत ती सगळी मेहनत घालवतो. गवतातून चालताना मात्र उजेड पायाशी ठेवा आणि बंद बूट घाला. घोणस आणि मण्यार रात्रीच बाहेर पडतात. काही झालंच तर घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ला फोन करून राजूरच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघायचं.

ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री साडेसातला नैर्ऋत्येकडे, म्हणजे धरणाकडून रतनवाडीच्या दिशेने बघितलं तर आकाशगंगेचा पट्टा तळ्यावर उतरलेला दिसतो. त्याच पट्ट्यावरून वर नजर नेली की श्रवण, अभिजित आणि हंस हे तीन ठळक तारे मिळून मोठा त्रिकोण होतो. मग उत्तरेला वळा. इंग्रजी एम अक्षरासारखे पाच तारे म्हणजे शर्मिष्ठा. तिच्या दोन टोकांपैकी जे जास्त अणकुचीदार आहे ते ज्या बाजूला रोखलेलं आहे, तिकडे सरकत गेलं की एक पुसट धुरकट ठिपका लागतो. ती देवयानी दीर्घिका. आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारी याहून लांबची गोष्ट नाही. तिच्याकडे रोखून बघू नका, किंचित बाजूला नजर ठेवा, म्हणजे ती जास्त स्पष्ट होते. सात बाय पन्नासची दुर्बीण असेल तर लांबट आकारही कळतो. एकाने सापडवून दुसऱ्याला दाखवायला दहा मिनिटं सहज लागतात, हात धरून बोटाने दिशा दाखवावी लागते, आणि तोपर्यंत पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर यायला लागतो.

रविवारी सकाळी सातच्या आत रतनवाडीला निघा. शेंडीहून तळ्याच्या काठाकाठाने वीसेक किलोमीटर आहे. धुकं असेल तर हेडलाइट अप्परवर टाकू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. गावात अमृतेश्वराचं मंदिर आहे, शिलाहारकालीन मानलं जाणारं. प्रवरेचा उगम त्याच्या पाठीशी असलेल्या रतनगडाच्या डोंगरात आहे, आणि गडाच्या माथ्यावरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, गावातून शोधायचा खेळ दोघांना चांगला जमतो. मंदिर बाहेरून एक फेरी घालून आत जाण्यापेक्षा शिखराच्या एकाच कोपऱ्यासमोर थांबा. चारी बाजूंच्या मधल्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या दरम्यान एकावर एक रचलेली छोट्या शिखरांची ओळ, प्रत्येक वरची ओळ खालच्यापेक्षा जराशी लहान. सकाळचं तिरकं ऊन त्यावर पडलं की प्रत्येक शिखराची सावली वेगळी दिसते. दहानंतर ती सावली आखडते आणि सगळं सपाट वाटायला लागतं. मंदिराजवळच्या पुष्करणीच्या भिंतींत कोनाडे आहेत आणि त्यांत मूर्ती. शेवाळलेल्या पायऱ्यांवर सँडल घसरते, त्यामुळे काठावरूनच बघा.

पुढे साम्रद, घाटघर करत तळ्याला पूर्ण वळसा घालता येतो. घाटघरच्या कोकणकड्यावर थांबायचं तर कठड्याच्या अलीकडेच. पावसाने कड्याची माती सुटलेली असते. हा वळसा जेवणाआधी होतो. तो टाळून रतनवाडीहून परत येऊन दुपारपर्यंत तळ्याकाठी नुसतं बसलात, तरी चालेल; मला हेच जास्त पटतं.

दोनच्या आत निघायचं. पाचनंतर नारायणगाव ओलांडणाऱ्यांना चाकणला रविवारची परतीची सगळी गर्दी मिळते. येताना ज्याने गाडी चालवली त्याने जाताना चालवायची नाही, हे घरून निघतानाच ठरवलेलं असावं. राजूरला पेढे घ्या. गरवं भात अजून उभं असलं तरी हळव्याचा नवा तांदूळ कुठे झोडून, भरडून झालेला असेल तर मुक्कामाच्या मालकाला विचारून पाच किलो घ्या. नव्या तांदळाला वाटीला पावणेदोन वाट्या पाणी पुरतं. जुन्यासारखं सव्वादोन घातलंत तर त्याची पेज होईल.